मदत हवी आहे : मराठी मजकुराच्या लांब ओळी योग्य ठिकाणी कशा मोडाव्यात?

नमस्कार.

माझ्या आजोबांच्या शेतीच्या रोजनिश्या मी गेल्या पावसाळ्यापासून संगणकावर उतरवून घेत आहे. लिनक्सवरील विम या संपादकात साधी टेक्स्ट फाइल करतो. एक नोंद म्हणजे एक परिच्छेद आणि एक परिच्छेद म्हणजे एकच सलग ओळ, एवढाच नियम सुरुवातीला ठरवला होता. नोंदी छोट्या होत्या तोवर हे निभावले. पुढे आजोबांची लेखणी सैल सुटली, एकेक नोंद हजार-बाराशे अक्षरांची होऊ लागली, आणि आता ओळ खिडकीच्या कडेला पोहोचली की शब्द सापडेल तिथे तुटतो : ‘शेतक’ वर राहते आणि ‘ऱ्यांच्या’ खाली उतरते. मुद्रितशोधन करताना अशा तुटक्या शब्दांवर डोळा ठरत नाही.

उपाय म्हणून ओळी ७२ अक्षरांवर मोडून घ्याव्यात असे मनाशी धरून मी फाइलच्या प्रतीवर (मूळ फाइलीला हात लावला नाही, एवढे शहाणपण सुचले) ‘फोल्ड’ ही आज्ञा चालवली. रुंदी ७२ दिली आणि मोकळ्या जागेवरच ओळ तोडावी यासाठी ‘एस’ हा पर्यायही जोडला. एका नोंदीची सुरुवात अशी आहे :

विहिरीला पाणी लागले म्हणून सर्वांना गूळ वाटला.

फोल्डने पहिली ओळ ‘लागले’ या शब्दावरच संपवली. मोजून नऊ अक्षरे आणि मधल्या दोन मोकळ्या जागा. मग ७२ कुठे गेले? ‘एस’ काढून पाहिला, तर इतर काही ओळींच्या टोकांना अक्षराऐवजी प्रश्नचिन्हाचे चौकोन उमटले. त्यानंतर कुठेतरी वाचल्याप्रमाणे विमच्या ‘फॉरमॅटऑप्शन्स’मध्ये (ओळी कशा बांधायच्या ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘एम’ हे अक्षर घातले आणि ‘जी क्यू’ या ओळी बांधण्याच्या आज्ञेने परिच्छेद बांधले, तेव्हा शब्द पुन्हा मधोमध तुटले, आणि या वेळी फाइलमध्ये खरोखरीच तुटले. माझे नेमके काय चुकते आहे आणि मराठीसाठी योग्य रीत कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

फोल्डने ७२ मोजले ते बरोबरच मोजले, परंतु अक्षरे नव्हे, बाइट (संगणकाच्या साठवणीचे एकक) मोजले. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो वा हलन्त, तीन बाइट घेते. तुमच्या ओळीत ‘विहिरीला’ २४, ‘पाणी’ १२, ‘लागले’ १५ आणि ‘म्हणून’ १८. मधल्या तीन मोकळ्या जागा धरून बरोबर ७२ होतात. पुढची मोकळी जागा त्र्याहत्तरावी ठरली, म्हणून फोल्ड मागच्या मोकळ्या जागेपर्यंत परतला आणि ‘म्हणून’ खाली ढकलला गेला. ‘एस’ नसताना तो तीन बाइटांच्या मध्येही सुरी चालवतो. तुम्हाला दिसलेले चौकोन हे त्या चिरलेल्या चिन्हांचे आहेत. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट असल्यामुळे ही गोष्ट तिथे कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘एम’चा सल्ला चिनी-जपानी मजकुरासाठी असतो. त्या लिप्यांत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, म्हणून युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत) २५५ च्या पुढील क्रमांकाच्या कोणत्याही चिन्हाशी ओळ तोडण्याची मुभा तो देतो. देवनागरीची सगळीच चिन्हे २५५ च्या पुढे आहेत, त्यामुळे आपल्याकडे त्याचा उपद्रवच होतो. तो आधी काढून टाका.

प्रतिसाद २

वरील उत्तराला पुस्ती जोडतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या : बाइट ३०, युनिकोड चिन्हे १०, विमच्या हिशेबाने रकाने (पडद्यावरची रुंदी) ६ आणि आपल्या वाचण्यातली अक्षरे ४. विम काना-मात्रा मागच्या व्यंजनात जिरवतो, पण ‘ष्ट्र’चे तीन रकाने धरतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील ओळी मोडणारे ‘टेक्स्टरॅप’ १० धरते, म्हणून त्याच्याही ओळी आखूड पडतात. ‘एम’ नसलेले ‘जी क्यू’ त्या मानाने पुष्कळ बरे.

तरीही मुळात ओळी मोडायच्याच कशाला, असे विचारावेसे वाटते. पडद्यावर वाचण्यापुरती सोय हवी असेल तर विममध्ये ‘सेट रॅप लाइनब्रेक’ एवढे पुरते. त्याने शब्द अखंड राहतात, फाइलमध्ये मात्र एकही ओळ नव्याने पडत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘लाइनब्रेक’ने वाचण्याचा प्रश्न सुटला. ओळी मोडण्याचे दुसरे कारण मी सांगायला हवे होते : ही फाइल मी गिटमध्ये (फाइलमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवतो, आणि एक वेलांटी सुधारली तरी बाराशे अक्षरांचा अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो. नेमके काय सुधारले ते शोधताना चष्मा पुसण्याची वेळ येते.

प्रतिसाद २

मग बदल दाखवणाऱ्या ‘गिट डिफ’ या आज्ञेला ‘वर्ड-डिफ’ हा शब्दागणिक फरक दाखवणारा पर्याय द्यावा. शब्द मोकळ्या जागेवरून ओळखले जात असल्यामुळे मराठीत तो चोख चालतो. फाइलमध्ये ओळी हव्याच असतील तर रुंदीच्या नादी न लागता प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे. संगणकतज्ज्ञ ब्रायन कर्निगन यांनी १९७४ मध्ये युनिक्स या संगणक प्रणालीच्या नवशिक्यांना हाच सल्ला दिला होता. रुंदीवर बांधलेल्या परिच्छेदात एक शब्द वाढला की खालच्या साऱ्या ओळी सरकतात. वाक्यावर मोडलेल्या मजकुरात तेवढेच वाक्य बदलते.

आधी मोडून बसलेले परिच्छेद सांधण्यासाठी ‘व्ही आय पी’ने परिच्छेद निवडून मोठा ‘जे’ दाबावा. जिथे शब्दच मधोमध तुटला आहे तिथे मात्र सांध्यावर मोकळी जागा पडेल, तेव्हा ती प्रत टाकून देऊन मूळ फाइलवरूनच पुन्हा सुरुवात केलेली बरी.

धागाकर्ता

मूळ फाइलवर वाक्यागणिक ओळ पाडून पाहिली. कालच्या सुधारणांत फक्त सात ओळी बदललेल्या दिसल्या आणि सातही मीच बदललेल्या होत्या. आजोबा पूर्णविराम क्वचितच देत, त्यामुळे काही ‘वाक्ये’ अर्ध्या पानाची आहेत. त्यांत खालच्या ओळीवर जायला ‘जे’ दाबले की कर्सर थेट पुढच्या वाक्यावर उडी मारतो. यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद १

‘जे’ऐवजी ‘जी जे’ आणि ‘के’ऐवजी ‘जी के’ दाबा. कर्सर पडद्यावरच्या ओळीप्रमाणे सरकेल.