८ इंची दुर्बिणीतून बाह्यग्रहाचं अधिक्रमण: प्रकाशवक्रात पायरी आणि उतार का येतोय?

ध्रुवमत्स्य

दुर्बीण ८ इंची न्यूटोनियन, एफ/५, म्हणजे फोकल लेन्थ १००० मिमी. कॅमेरा मोनो, कूल्ड सीमॉस, पिक्सेल ३.७६ मायक्रॉन, सेन्सर ११.३ मिमी चौरस. लाल फिल्टर, जर्मन माउंट, ऑटोगायडिंग चालू. लक्ष्य एचडी १८९७३३ बी, म्हणजे एचडी १८९७३३ या ताऱ्याभोवतीचा ग्रह. तो ताऱ्यासमोरून जातो (अधिक्रमण) तेव्हा ताऱ्याचं तेज किती घटतं, हे वेळेनुसार मांडलं (प्रकाशवक्र). फोकस अगदी टोकदार, एक्सपोजर ५ सेकंद, तुलना तारा (ज्याच्याशी लक्ष्याचं तेज ताडायचं तो) एकच, निळसर पांढरा.

घट सुमारे २.४ टक्के यायला हवी, येतेय १.७. बिंदू जवळजवळ १ टक्का वरखाली उडतात. याम्योत्तरावर (आकाशाच्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर) माउंट पलटला की वक्रात सरळ पायरी पडते, आणि तारा पश्चिमेला उतरू लागला की वक्र हळूहळू वर चढतो. यातलं काय कशामुळे?

आणि एक मोठा प्रश्न: एवढ्या दुर्बिणीचा पृथ्वीसारख्या ग्रहांच्या शोधाला खरंच उपयोग होतो का?

अगस्त्य७

आधी घट, कारण तिथेच मूळ चूक आहे. तारा ७.७ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), म्हणजे या कामासाठी फारच तेजस्वी. तुमच्या जुळणीत एक पिक्सेल साधारण ०.७८ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला). ताऱ्याची प्रतिमा ३ विकलांची धरली तर तिच्या मधल्या पिक्सेलमध्ये दर सेकंदाला सात-आठ हजार इलेक्ट्रॉन जमतात. ५ सेकंदांत ते ४० हजारांच्या आसपास जातात. हवा क्षणभर स्थिर झाली की पिक्सेल भरतो, आणि गेन (कॅमेऱ्यातली संकेताची वाढ) वाढवलेला असेल तर त्याच्या कितीतरी आधी. भरलेला पिक्सेल जास्तीचा प्रकाश मोजतच नाही. तारा पूर्ण तेजात असताना जास्त प्रकाश बुडतो, अधिक्रमणात कमी बुडतो, म्हणून घट उथळ दिसते.

उपाय: गेन शून्यावर आणा आणि फोकस मुद्दाम बिघडवा, ताऱ्याची चकती १५ पिक्सेल रुंद होईपर्यंत. मग ३० सेकंद एक्सपोजर चालेल. मोजणीचं वर्तुळ ११-१२ पिक्सेल त्रिज्येचं, आकाशाच्या पार्श्वभूमीचं कडं २० ते ३५ पिक्सेल. ही त्रिज्या पूर्ण रात्रभर एकच ठेवा. पहिल्या पाच फ्रेम पाहून सर्वांत तेजस्वी पिक्सेल कमाल आकड्याच्या ६०-६५ टक्क्यांवर जात नाही ना, हे तपासा आणि मगच सलग फ्रेम सुरू करा.

पायरी फ्लॅटची आहे, म्हणजे धूळ आणि कडेचा अंधार दुरुस्त करायला एकसारख्या उजेडात घेतात त्या फ्रेमची. पलटल्यावर लक्ष्य मधोमध आणलं तरी क्षेत्र १८० अंशांनी फिरलेलं असतं, त्यामुळे तुलना तारा समोरच्या कोपऱ्यात जातो. तिथली धूळ वेगळी, कडेचा अंधार वेगळा. फोकस बिघडवल्यानंतर, कॅमेरा न हलवता, निदान ४० फ्लॅट घ्या. डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या) त्याच एक्सपोजरच्या आणि त्याच तापमानाच्या. तरीही पायरी पूर्ण जाणार नाही. याम्योत्तर ओलांडणं अधिक्रमणाच्या बाहेर पडेल अशी रात्र निवडणं हाच खरा इलाज. ते ओलांडणं अंतर्गमनात किंवा बहिर्गमनात (ग्रह ताऱ्यासमोर शिरताना किंवा बाहेर पडताना) आलं, तर ती रात्र वेळ मोजायला निरुपयोगी.

चढ रंगामुळे. लक्ष्य नारिंगी, तुलना तारा निळसर. खाली उतरताना वातावरण निळा प्रकाश जास्त खातं, म्हणून तुलना तारा अधिक मंदावतो आणि गुणोत्तर वर जातं. लाल फिल्टरमुळे हे कमी होतं, संपत नाही. एका ताऱ्यावर विसंबू नका. तो स्वतःच चल असेल तर कळणारही नाही. लक्ष्याच्या रंगाजवळचे तीन-चार तारे एकत्र धरा. तुमचं क्षेत्र जेमतेम ३९ कलांचं आहे, त्यात या तोडीचा तारा सहज मिळत नाही, तेव्हा एक-दोन प्रती मंद तारे घ्यावे लागतील.

कृत्तिका_नभ

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त एक गैरसमज होऊ नये. ३० सेकंदांच्या एक्सपोजरने ताऱ्याचं लुकलुकणं कमी होत नाही. २० सेंमी आरशाला, तारा डोक्यावर असताना, ५ सेकंदांत लुकलुकीमुळे साधारण ०.४ टक्के चढउतार येतो आणि ३० सेकंदांत ०.१६ टक्के. पण ५ सेकंदांच्या सहा फ्रेमची सरासरीसुद्धा तेवढीच येते. फायदा आहे तो पिक्सेल न भरण्याचा, फ्लॅटच्या चुका जास्त पिक्सेलांवर विभागल्या जाण्याचा आणि फाइली कमी होण्याचा. तुलना ताऱ्याचीही स्वतःची लुकलुक असते, म्हणून दोघांची मिळून ५ सेकंदांना अर्धा टक्का तर धरूनच चाला. तुमच्या १ टक्क्यातला उरलेला भाग भरलेल्या पिक्सेलांचा दिसतो.

सुरुवातीला हे लक्ष्यच बदला असं सुचवेन. एचडी १८९७३३ हा सक्रिय तारा आहे. ग्रह त्याच्या डागावरून गेला की वक्राच्या तळाशी उंचवटा येतो, आणि तो तुमच्या चुकीतून वेगळा ओळखता येत नाही. देवयानीतला एचएटी-पी-३२ बी घ्या: तारा ११.३ प्रतीचा, घट २ टक्क्यांहून जास्त, अधिक्रमण सुमारे ३ तास, आजूबाजूला तुलना तारे भरपूर. ६० सेकंद एक्सपोजर, फोकस नेहमीसारखा. आधी एक तास आणि नंतर एक तास बाहेरचा सपाट भाग मिळालाच पाहिजे. तो नसेल तर उतार कुठला आणि घट कुठली हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही.

मोठ्या प्रश्नाचं उत्तर: शोधाला थेट नाही, शोधानंतरच्या कामाला नक्की. ग्रहाच्या आवर्तकाळात फक्त १ सेकंदाची चूक धरा. २.२ दिवसांच्या ग्रहाच्या ५ वर्षांत ८००हून जास्त फेऱ्या होतात, म्हणजे पुढच्या अधिक्रमणाची वेळ १३-१४ मिनिटांनी चुकते. मोठ्या दुर्बिणीचे तास मोजून मिळतात, तिथे हे परवडत नाही. युरोपीय अवकाश संस्थेची एरियल मोहीम सुमारे १००० ग्रहांची वातावरणं तपासणार आहे. त्या ग्रहांच्या वेळा ताज्या ठेवण्यासाठी एक्सोक्लॉक हा प्रकल्प चालतो आणि त्यात लहान दुर्बिणींची निरीक्षणं घेतात.

म्हणून तुमच्या निकालात सर्वांत मौल्यवान आकडा मध्यवेळेचा, म्हणजे अधिक्रमणाच्या मधल्या क्षणाचा. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवा. फाइलमधली वेळ एक्सपोजरच्या सुरुवातीची आहे की मध्याची, हे नक्की करा. आणि वेळ बीजेडी-टीडीबीमध्ये (सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरून धरलेल्या वेळेत) बदला. त्यात यूटीसीपेक्षा (नेहमीच्या जागतिक वेळेपेक्षा) ६९ सेकंदांचा ठरावीक फरक असतो, शिवाय पृथ्वी ताऱ्याकडे की ताऱ्यापासून दूर, यावर ८ मिनिटांपर्यंतचा. हे विसरून पाठवलेली निरीक्षणं ग्रहाची वेळ सुधारण्याऐवजी बिघडवतात.

अगस्त्य७

पृथ्वीबद्दल आकड्यात सांगतो. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट. वर्ग केला की घट ०.००८४ टक्के, गुरूसारख्या ग्रहाच्या १ टक्क्याच्या जवळजवळ सव्वाशेवा भाग. तीही वर्षातून एकदा, १३ तासांची, आणि कक्षा आपल्या रेषेत असण्याची शक्यता २००त एक. जमिनीवरून इथे सरासरी काढूनही भागत नाही, कारण हवेचे आणि फ्लॅटचे मंद बदल तासन्‌तास एकाच दिशेने सरकतात. ते सरासरीत विरत नाहीत. २००९ साली केपलर दुर्बीण अवकाशात पाठवावी लागली ती यासाठीच.

लहान तारा हा त्यातला मार्ग. ट्रॅपिस्ट-१ची त्रिज्या सूर्याच्या जेमतेम ०.१२ पट, म्हणून त्याच्या ई ग्रहाची घट अर्ध्या टक्क्यावर येते आणि दर ६.१ दिवसांनी दिसते. पण दृश्य प्रकाशात हा तारा १९व्या प्रतीच्या आसपास आहे, ८ इंचीत हाती काही लागणार नाही. जेम्स वेब दुर्बिणीलाही तिथे ताऱ्याचे डाग आडवे येतात, कारण डागांचा वर्णपट ग्रहाच्या वातावरणाच्या खुणेसारखा दिसू शकतो.

ध्रुवमत्स्य

गेन बदलून एचएटी-पी-३२ बी घेतो. वक्रावर गणिती प्रतिमान बसवताना ताऱ्याच्या कडेचा अंधुकपणा (चकती मध्यापेक्षा कडेला मंद दिसते तो) मोकळा सोडायचा का?

कृत्तिका_नभ

नाही. ताऱ्याचं तापमान आणि तुमचा फिल्टर यावरून तक्त्यातले गुणांक घ्या आणि कायम ठेवा. आवर्तकाळ आणि कक्षेचा कलही प्रकाशित मूल्यांवर बांधा. मोकळं सोडायचं ते मध्यवेळ, त्रिज्यांचं गुणोत्तर आणि उंचीनुसार येणारा उतार, एवढंच. बसवून झाल्यावर उरलेले फरक वेळेप्रमाणे मांडून बघा. त्यात लाट दिसली तर सॉफ्टवेअर सांगतं त्यापेक्षा मध्यवेळेची अनिश्चितता मोठी धरा, आणि निरीक्षण तसंच पाठवा.