मदत हवी आहे: पहिली रेघ न घाबरता कशी ओढायची?

मी पोटापाण्यासाठी पुस्तकांची चित्रं काढते. बारा वर्षं झाली. हल्ली कोरा कागद समोर आला की हात आखडतो. एक रेघ काढायची, तीन खोडायच्या.

परवा पाच वर्षांची भाची शेजारी बसून हत्ती काढत होती. सोंड कागदात मावेना. पठ्ठीने सरळ दुसरा कागद चिकटवला आणि सोंड पुढे नेली! मी असते तर अख्खा हत्ती पुसून लहान केला असता.

पॉल क्ले या प्रसिद्ध चित्रकाराने १९११ साली स्वतःच्या चित्रांची सूची करायला घेतली, तेव्हा लहानपणची काही चित्रंही तिच्यात घातली होती. का, ते आता थोडं कळतंय. (‘मुलांसारखं काढ’ हा सल्ला मात्र नको. मुद्दाम काढलेलं लगेच ओळखू येतं.)

तर लेखन, संगीत, डिझाइनवाल्यांनो, डेडलाइन डोक्यावर असताना असं बेधडक सुरू करायला तुम्ही नेमकं काय करता? खोडरबर लपवून, थेट शाईने काढून पाहिलं. दोन दिवस टिकलं. मुलांसोबत बसून काम करणारं कुणी आहे का इथे? त्यांना तुमच्या कामात हात घालू देता, की नुसतं बघत बसता?