हाँगकाँगचं कला संग्रहालय: गुरुवारची दुपार पुरेल का?

गोदाकाठ, नाशिक:
चौघं जण हाँगकाँगला निघालोय, त्यात दोघं चित्रकला शिक्षक. त्सिम शा त्सुईच्या कला संग्रहालयासाठी गुरुवारची दुपार ठेवलीय. जुनी चिनी चित्रं आणि आजची कला दोन्ही बघायचंय. चिनी लिपी कुणालाच येत नाही. सुरुवात कुठून करावी?

शाईरेघ:
आधी वार बदला, गुरुवारी ते बंद असतं. सोम, मंगळ, बुध, शुक्र 10 ते 6, शनि-रवि 7 पर्यंत. कायमच्या दालनांना तिकीट नाही. वार बदलता येत नसेल तर गुरुवारी वेस्ट कौलूनला जा. तिथे समकालीन कलेचं एम-प्लस (सोमवारी बंद) आणि पॅलेस म्युझियम (मंगळवारी बंद) जवळजवळ आहेत.

जुनी चित्रं पहिली बघा. रेशीम आणि कागद उजेडाने कायमचे विटतात, म्हणून दालनात दिवे मुद्दाम मंद असतात. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर सुरुवातीला सगळं तपकिरी दिसतं. पाच-दहा मिनिटं थांबा, मग शाईच्या छटा वेगवेगळ्या दिसू लागतात. याच कारणाने चित्रं अधूनमधून बदलतात, तेव्हा एकाच चित्राची आस धरून जाऊ नका.

आडवी गुंडाळी (गुंडाळून ठेवायचं लांबलचक चित्र) उजवीकडून डावीकडे बघायची. देवनागरीच्या सवयीने आपण डाव्या टोकाला उभे राहतो आणि शेवटच आधी बघतो! मुळात ती हातभर उलगडायची, बघून झालेली बाजू गुंडाळायची. म्हणून काचेसमोर पाऊल-पाऊल सरका. चित्र संपल्यावर जोडलेला मजकूर बहुधा नंतरच्या रसिकांचा असतो. लाल शिक्केही सगळे चित्रकाराचे नसतात. सहीजवळचा त्याचा, बाकीचे बहुतेक संग्राहकांचे.

तिथून थेट वू ग्वानझोंगकडे (1919–2010) जा. पॅरिसला शिकलेला हा चित्रकार. त्याने स्वतःची बरीच चित्रं या संग्रहालयाला दिली. जुनी शाई नुकती बघितलेली असली की त्याच्या ठिपक्यांत आणि रेषांत काय नवं आहे ते लगेच कळतं.

चिनीमाती:
भांड्यांच्या बुडाचा सहा अक्षरी शिक्का उजव्या ओळीपासून, वरून खाली वाचतात: आधी राजवंश, मग सम्राटाची कारकीर्द, शेवटी ‘काळात घडवलेलं’. पण त्यावरून वय ठरवू नका. कांग्शी सम्राटाच्या काळातले (1662–1722) कुंभारही आदराने आधीच्या मिंग राजवंशातल्या कारकिर्दींची नावं घालत. निळ्या नक्षीचा रंग कोबाल्टचा, पारदर्शक झिलईच्या खाली.

आणि निघण्याआधी डोळा तयार करायचा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातल्या चिनी वस्तू आहेत. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी तिनेच परत येता येतं.

कॉलेजरोडकर:
भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण ऑनलाइन पूर्वनोंदणी लागते. चौघांचीही वेगवेगळी करा, तपशील पासपोर्टप्रमाणे तंतोतंत भरा. स्लिप पांढऱ्या ए-4 कागदावर छापून जवळ ठेवा, मुंबईला चेक-इनलाच मागतात.