२००९ ची गिअरवाली माउंटन बाईक ५ हजारात परत रस्त्यावर आणायचीये

सातारकरीण

नमस्कार मंडळी, जरा सविस्तरच लिहिते म्हणजे परत परत विचारायला नको. आमच्याकडे एक गिअरची सायकल आहे, २००९ ला बाबांनी माझ्या धाकट्या भावासाठी घेतलेली, देशी कंपनीची, २६ ची चाकं, १८ गिअर, पुढे शॉकअप. भावाने दोनेक वर्षं चालवली, मग तो पुण्याला शिकायला गेला आणि सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला माहितीये, चार महिने भिंतींना ओल, त्यामुळे गंज भरपूर चढलाय. आता माझा मुलगा नववीत गेलाय, त्याला मित्रांबरोबर घाट चढून यवतेश्वरला जायचंय, त्याने स्वतःच ती सायकल बाहेर काढून धुतली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बाबा आता नाहीत, हप्त्यावर घेतली होती त्यांनी ती, म्हणून मला ती भंगारात द्यायची नाहीये.

अवस्था सांगते. दोन्ही टायर चिरलेत, चेन इतकी कडक झालीये की काठीसारखी उभी राहते, मागचे गिअर बदलत नाहीत, हँडलवरचा गिअरचा खटका नुसता दबतो आणि परत येतो. ब्रेक पॉवर ब्रेक आहेत, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे, पण केबल जाम. सीटचा पाईप पार खाली गेलाय तो वर येत नाही. रिम लोखंडी आहेत, त्यावर गंजाचे ठिपके. फ्रेम वरून बघायला ठीक वाटते. इथल्या एका मेकॅनिकला दाखवली तर तो हातही न लावता म्हणाला ह्याच्यात काही राम नाही ताई, ७ हजारात नवीन येते.

बजेट ५ हजार, त्यात मुलाचं हेल्मेट पण बसवायचंय. घरी काय करता येईल, मेकॅनिककडे काय न्यावं आणि मुख्य म्हणजे पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही? पाने धरता येतात मला, शिलाई मशीन मीच उघडून साफ करते.

घाटवेडा

ताई, आधी एक रुपयाही खर्च करू नका, आधी फ्रेम बघा. फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या आणि फ्रेमला लावा, चिकटलं तर लोखंडी फ्रेम आहे आणि तुमच्यासाठी ती चांगलीच बातमी आहे, कारण लोखंडाला बारीक चीर असली तरी चांगला वेल्डर ती भरतो, ॲल्युमिनिअमची फ्रेम चिरली तर मी ती मुलाला देणार नाही. चीर कुठे बघायची तर हँडलच्या खाली जिथे दोन नळ्या येऊन मिळतात तिथे, पायडलच्या एक्सेलच्या मागे, आणि सीटचा पाईप जिथे आत जातो तिथे. ओल्या फडक्याने पुसून उन्हात तिरकं धरून बघा, रंगात केसासारखी रेघ दिसली आणि तिच्यातून गंजाचा ओघळ आलेला असला तर ती चीर समजायची.

सीटच्या पाईपवर जोर लावू नका. शेजारी कुणाचा ट्रॅक्टर असेल तर वाटीभर डिझेल मागा, सायकल उभी ठेवून सीटचा बोल्ट पूर्ण काढा, पाईपच्या कडेने थेंब थेंब डिझेल सोडा, रोज सकाळ संध्याकाळ, चार पाच दिवस. मग सीट दोन्ही हातांनी धरून डावी उजवी फिरवा, सरळ वर ओढू नका, आधी फिरली पाहिजे, फिरली की येते.

आता पैशाचं. ब्रेक, टायर, चाकातले छर्रे (लोखंडी गोळ्या), ह्या तीन गोष्टींवर घाला, बाकी सगळं नंतर. आणि एक गोष्ट मी अगदी आग्रहाने सांगतो, पुढचं रिम अलॉयचं करून घ्या. लोखंडी रिम पावसात ओलं झालं की ब्रेकचं रबर त्याच्यावर नुसतं घसरतं, तुम्ही दाबत राहता आणि सायकल चालत राहते. यवतेश्वरचा उतार आहे तो, धुकं असतं, समोरून कासला जाणाऱ्या गाड्या येतात. उतारावर सगळं वजन पुढे येतं म्हणून खरं काम पुढचा ब्रेक करतो, दोन्ही रिमचे पैसे नसले तरी पुढचं तरी कराच. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तेच ठेवायचं, फक्त रिम आणि तारा नवीन, तुमचे भोक बहुतेक ३६ असतील पण मोजून जा.

७ हजाराच्या नवीन सायकलीत पण असंच लोखंड, असेच गिअर आणि असाच शॉकअप येतो. तुमची मोकळी करून नीट बसवलीत तर ती त्यापेक्षा चांगली चालेल, हे मी तीन सायकली करून सांगतोय.

छर्रे_आणि_ग्रीस (नाशिक)

घाटवेडा यांच्याशी सहमत. मी छर्‍यांचं सांगतो कारण सगळे टायर चेन बदलतात आणि हब तसेच ठेवतात. बारा चौदा वर्षं उभ्या सायकलीतलं ग्रीस मेणासारखं झालेलं असतं, चाक फिरतं पण कुरकुर करत फिरतं आणि पोराला वाटतं आपल्यालाच दम नाही. चाकाचा एक्सेल बोटांनी फिरवून बघा, खरखर लागली की उघडायचंच. पुढच्या हबमध्ये साधारण ३/१६ इंचाचे १०-१० छर्रे असतात, मागच्यात १/४ इंचाचे ९-९, उघडताना खाली जुनी चादर अंथरा आणि मोजून ठेवा. जुने छर्रे परत घालू नका, नवीन सगळे मिळून शंभरच्या आत येतात. कप आणि कोन, म्हणजे छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात ते भाग, डिझेलने धुवा, बोटाने चाचपा, खड्डे पडले असतील तर कोन बदला. मग ग्रीस भरपूर, हात आखडता घेऊ नका. शेवटचं आवळणं फार जपून, चाक सैल हललं नाही पाहिजे आणि आवळून जडही झालं नाही पाहिजे, मला पहिल्यांदा त्यालाच तासभर लागला होता.

आपण करतोय त्याला फार जुनी परंपरा आहे बरं का. माउंटन बाईक जन्मालाच आली ती जुन्या सायकली दुरुस्त करून. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं भंगारातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची, मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून धूर व्हायचा आणि खाली आल्यावर हब उघडून ग्रीस परत भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच रिपॅक पडलं, १९७६ पासून तिथे शर्यती लागायच्या.

दोन गोष्टी उलट्या आट्याच्या आहेत, इथे लोक आटे घालवतात. डावं पायडल उलट्या आट्याचं, ते सोडवताना उजवीकडे फिरवायचं. आणि बीबीचा, म्हणजे दोन्ही पायडलच्या मधल्या एक्सेलच्या बेअरिंगचा, चेनच्या बाजूचा कप पण उलटा. बीबी मात्र घरी करू नका, क्रँक पुलर (पायडलच्या दांड्या ओढून काढायचं अवजार) लागतो आणि तो एका सायकलसाठी विकत घेण्यात अर्थ नाही, ते मेकॅनिककडून समोर उभं राहून करून घ्या.

पंचगंगेकाठी

चेन नवीनच घ्या ताई, जाम झालेली कडी किती बी तेल पाजा परत अडकतीच. दुकानात मागताना गिअरवाल्या सायकलची चेन म्हणून मागा, साध्या सायकलची रुंद असती, ती मागच्या दात्यांमधी बसत न्हाई. फ्रीव्हील, म्हंजे मागच्या दात्यांचा संच, बदलायचं का ते आधी ठरवू नका, नवीन चेन लावून चढावर जोर देऊन बघा, कट्‌ कट्‌ करून दात सोडाय लागली तरच बदला. दोनच वर्षं चाललीय म्हंजे टिकंल बहुतेक.

टायर घेताना नुसतं २६ सांगू नका, जुन्या टायरवर ५५९ आकडा असंल तो बघून घ्या. २६ मधी दुसरे बी माप येत्यात, जुन्या बारीक टायरच्या सायकलींचं ५९० असतंय, ते तुमच्या रिमवर बसणारच न्हाई. आणि माझं मत विचाराल तर पायडलजवळच्या तीन चकत्यांचे पुढचे गिअर काढूनच टाका, मधली चकती ठेवा फक्त, मागचे सहा पुरे. एक केबल वाचली, एक खटका वाचला, बिघडायचं एक कारण कमी. मी रंकाळा ते जोतिबा तशीच चालवतोय.

घाटवेडा

दादा, तुमचे पाय तयार आहेत, नववीतल्या पोराला पहिल्याच महिन्यात घाट चढायचाय. पुढची लहान चकती काढली तर तो अर्ध्यात उतरून ढकलेल आणि मग सायकल परत जिन्याखाली जाईल. सपाटीवर राहणाऱ्याला तुमचा सल्ला बरोबर आहे, साताऱ्यात लहान चकती पाहिजेच.

पंचगंगेकाठी

हे बी खरं हाय. पोराचा इचार केला न्हवता मी.

सातारकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. चुंबक चिकटलं, चीर कुठेच नाही. सीटचा पाईप सहाव्या दिवशी फिरला, मुलगा इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या काकू बाहेर आल्या. हब दोन्ही उघडले, मागच्या हबमध्ये एका बाजूला आठच छर्रे निघाले, नववा कधी गेला कुणास ठाऊक.

अडलंय ते मागच्या गिअरच्या खटक्यापाशी. नवीन केबल टाकूनही तो नुसता दबतो, पकडत नाही. नवीन जोडी ७०० सांगतायत. आणि रंगाचं काय करू, पावडर कोटिंगचे १५०० सांगितले.

छर्रे_आणि_ग्रीस (नाशिक)

खटका ९९ टक्के तुटलेला नाही, आत ग्रीस सुकून चिकट झालंय त्यामुळे आतली छोटी पकड दात्यात पडतच नाही. केबल काढा, वरचं झाकण स्क्रूने उघडा, फक्त झाकणच, आतलं काही सुटं करू नका, स्प्रिंग उडाली तर सापडत नाही. आत डब्ल्यूडी ४० मारा, दहा मिनिटं थांबा, खटका पन्नास वेळा दाबा, पिवळी घाण बाहेर येईल, पुसा, परत मारा. दोन तीन वेळा केलं की टक्‌ टक्‌ आवाज यायला लागेल. मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, ते तुमच्याकडे आहेच. पण डब्ल्यूडी ४० चेनवर वंगण म्हणून वापरू नका, ते घाण सोडवायला आहे, उडून जातं आणि चेन कोरडी पडते. चेनला तेल लावलं की वरचं पुसून घ्यायचं, आतलं पुरतं, वरच्या तेलाला नुसती धूळ चिकटते.

पेठेतले काका

रंगाबद्दल वडीलकीच्या नात्याने सांगतो, पूर्ण रंग काढू नका. पावडर कोटिंगसाठी सगळी फ्रेम मोकळी करावी लागते, जुने स्टिकर जातात, बजेटचा तिसरा हिस्सा जातो आणि सायकल त्याने तसूभरही चांगली चालत नाही. तुमच्या वडिलांनी दुकानातून आणली तो रंग आहे तो. जिथे गंज आहे तेवढाच भाग पॉलिश पेपरने घासा, आधी १२० मग ४००, चकचकीत लोखंड दिसलं की त्याच दिवशी रेड ऑक्साईड (गंज रोखणारा तांबडा प्रायमर) लावा, रात्रभर उघडं ठेवलंत तर साताऱ्याच्या हवेत सकाळी परत तांबूस होतं. वरून जवळपासच्या रंगाचा हात. हँडल आणि मागच्या रिमच्या क्रोमवरचे ठिपके जेवणाच्या डब्याला गुंडाळतो ती चंदेरी फॉइल चुरगळून पाण्यात बुडवून घासा, पुष्कळ निघतात. बारीक नट बोल्ट रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, कोरडे करून तेलाचा हात. आमच्या लहानपणी पुण्यात घरटी सायकल होती आणि दर दिवाळीच्या सुट्टीत हेच काम असायचं.

सातारकरीण

झाली एकदाची! खटका तिसऱ्या वेळी बोलायला लागला. हिशोब देते, कुणाला उपयोगी पडेल. टायर दोन ८४०, ट्यूब दोन ३००, चेन ३२०, ब्रेकची रबरं दोन्ही चाकांची २००, सगळ्या केबल आउटरसकट २८०, पुढचं अलॉय रिम तारा आणि बांधणी धरून ९५०, छर्रे आणि ग्रीस १५०, पायडल १८०, बीबीची मजुरी ३००, पॉलिश पेपर आणि रंग १९०. एकूण ३७१०. हेल्मेट १२०० चं, म्हणजे ४९१० झाले. फ्रीव्हील जुनंच ठेवलंय, दात सोडत नाही. रंग काकांनी सांगितला तसाच ठिपक्या ठिपक्यांनी केला, दुकानाचा स्टिकर तसाच आहे, त्यावर बाबांनी पेनाने लिहिलेला बिल नंबर अजून वाचता येतो.

काल सकाळी समर्थ मंदिरापासून निघाला, यवतेश्वरपर्यंत दोनदा थांबून चढला, लहान चकतीवरच. मी स्कूटरवर मागे होते. उतरताना मात्र पुढचा ब्रेक इतका किंचाळत होता की रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. ब्रेक लागतो छान, पण हा आवाज कशाचा? काही चुकलंय का बसवताना?

घाटवेडा

वा, काय सुंदर काम केलंत! चुकलं काही नाही, नवीन रबर नवीन रिमला सपाट टेकतंय म्हणून थरथरतं आणि आवाज येतो. रबराचा नट थोडा सैल करा, रबराच्या मागच्या टोकाशी, म्हणजे सायकलच्या मागच्या बाजूच्या टोकाशी, रिम आणि रबर यांच्यामध्ये जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा घाला, मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि तसाच नट आवळा. पत्रिका काढली की रबराचं पुढचं टोक आधी टेकेल. दोन्ही बाजूंना तसंच करा, आणि रिम स्पिरिटने पुसा, रंगाचे किंवा ग्रीसचे हात लागले असणार. नट मात्र नीट आवळलाय का ते दोनदा बघा, रबर टायरला कुठे घासत नाही ना ते चाक हाताने फिरवून बघा, आणि मगच परत घाटात पाठवा.