मदत हवी आहे: पार्किन्सन्स असलेल्या आप्पांना चालतं ठेवेल असं मोबाइल अ‍ॅप

सांगलीकर_पुण्यात

नमस्कार मंडळी,

आप्पांना (माझे वडील, वय ७१, सांगलीत असतात) चालायला लावेल पण छळणार नाही, असं एखादं अ‍ॅप कुणी वापरलंय का? पार्किन्सन्सचं निदान होऊन काही वर्षं झाली. उजवा हात थरथरतो, पावलं आखूड पडतात, उंबरठ्याशी आणि वळताना पाय जमिनीला चिकटतात. लिवोडोपाच्या गोळ्या दिवसातून चार वेळा. अजून काठी लागत नाही, पडलेलेही नाहीत. डॉक्टर दरवेळी 'चालत राहा' सांगतात, आप्पा मान डोलावतात आणि घरी आले की खुर्ची सोडत नाहीत.

आई 'चला' म्हणाली की वाद होतो, म्हणून ते काम फोनवर सोपवावं असं वाटलं. आप्पांचा यंत्रांवर जीव आहे, सगळी नोकरी वर्कशॉपमध्ये गेली. त्यांच्या अँड्रॉइड फोनवर पावलं मोजायचं एक फुकट अ‍ॅप टाकून दिलं. लक्ष्य आधीपासूनच १०,००० लावलेलं. सुरुवातीला उत्साह दांडगा. पण घरातल्या घरात कितीही फिरले तरी आकडा हलत नाही, आणि फोन हातात धरून टीव्ही बघत बसले की वाढतो! संध्याकाळी 'आज तुम्ही मागे पडलात' असा मेसेज येतो. त्यावर आप्पा म्हणाले, "आता मशीनपण नापास करायला लागलं." त्यातून चालता चालता स्क्रीन बघायची सवय लागली. आमराईकडे जाताना भर रस्त्यात थांबून आकडा बघतात, आई घाबरते.

तर लक्ष्य किती ठेवावं, अ‍ॅप कुठलं, आणि मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राच्या किंवा अ‍ॅपच्या) ठोक्यावर चालल्याने फरक पडतो म्हणतात ते खरं का? औषधं कृपया सुचवू नका, ती डॉक्टर बघतात.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दादा, अ‍ॅप कुठलं हे सगळ्यात शेवटी बघा, आधी ते १०,००० काढा. हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तिथून तो जगभर गेला.

आकडा चुकतो त्यात आप्पांचा दोष नाही. बरीच अ‍ॅप सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजायलाच लागत नाहीत, कारण इकडचेतिकडचे धक्के गाळायचे असतात. घरात चार पावलं, थांबा, वळा, पुन्हा चार पावलं; ही सगळी गळतात. घासत पडणारं आखूड पाऊल फोनला धड कळत नाही आणि थरथरत्या हातातलं कंपन मात्र पाऊल म्हणून धरलं जाऊ शकतं. फोन कमरेच्या पाउचमध्ये, डाव्या बाजूला ठेवा. तरी मी म्हणेन, पावलं सोडा आणि मिनिटं मोजा. एक आठवडा काही न बोलता ते रोज किती मिनिटं चालतात ते आईंना लिहायला सांगा. लक्ष्य त्याच्या जरासंच वर. नेदरलँड्समध्ये नायमेखेनच्या रॅडबाउड विद्यापीठाच्या रुग्णालयाने पार्किन्सन्सच्या लोकांना अ‍ॅपवरून चालतं करायचा 'स्टेपवाइज' नावाचा अभ्यास आखला. त्यातही सगळ्यांना एकच आकडा नाही, ज्याच्या त्याच्या नेहमीच्या चालण्यावर टक्केवारीने वाढ आहे.

दुसरं, वेळ. गोळी लागू पडल्यावर, बऱ्याच जणांच्या बाबतीत अर्ध्यापाऊण तासाने, अंग मोकळं होतं. रिमाइंडर त्या वेळेचा लावा. गोळीचा असर उतरत असताना फोन 'उठा' म्हणाला तर आप्पा उठणार नाहीत, आणि तो हट्ट नसतो. खुर्चीतून उठल्यावर मिनिटभर उभं राहून मगच निघायचं. या आजारात उठताना रक्तदाब एकदम उतरू शकतो.

ठोक्याचं खरं आहे. चालायची लय आपल्याला विचार न करता मिळते, ते काम मेंदूतल्या बेसल गँग्लियाचं. पार्किन्सन्समध्ये डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी पडतं आणि तिथली लय बिघडते. बाहेरून ठोका मिळाला की पाय तो धरतात. आप्पांचं अंग मोकळं असताना मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा. समजा ९० आली, तर मेट्रोनोम ९० वर लावा. तो अंगवळणी पडला की ९५, फार तर १००. पण पाय चिकटणाऱ्या माणसाला घाईचा ठोका उलटा पडू शकतो, पावलं भराभर आणि आणखी आखूड होतात. तसं दिसलं तर ठोका कमी करा. पहिल्यांदा सांगलीतल्याच एखाद्या फिजिओसमोर करून बघा. आणि स्क्रीन बघत चालणं आजपासून बंद. लक्ष दोन कामांत वाटलं गेलं की यांची चाल लगेच बिघडते. फोन कानासाठी, डोळ्यांसाठी नाही.

ठेकेदार_तबलजी

आमच्या वडिलांना मेट्रोनोमची टिकटिक डोक्यात जायची. शेवटी तबल्याचं अ‍ॅप लावलं, त्यात लय हवी तशी बांधता येते. केरवा लावा, आठ मात्रा, डावा-उजवा सरळ बसतो. भजनी ठेकाही चालेल. रूपक नको! सात मात्रा असल्यामुळे सम (पहिली मात्रा) एकदा डाव्या पायावर येते, एकदा उजव्या. माणूस हिशोबच करत बसतो. रस्त्यावर दोन्ही कानांत इअरफोन नकोत, गाड्यांचे हॉर्न ऐकू यायला हवेत.

माई_कोथरूड

आमच्या 'ह्यांना' उंबरठ्याचा त्रास होता. मिलेहा सोनेजी नावाच्या डिझायनरचं भाषण बघा. तिच्या काकांना पार्किन्सन्स. सपाट जमिनीवर चालणं अवघड, पण जिना मात्र सहज उतरायचे. म्हणून तिने जमिनीवर जिन्याचा भास होणारं चित्र केलं आणि ते त्यावरून चालले. आम्ही उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे पावला-पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत, फरक पडतो. पाय चिकटला तर ओढू नका हो. थांबायचं, वजन या पायावरून त्या पायावर घ्यायचं, मग मोठं पाऊल. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा.

आप्पा तुमच्याकडे पुण्याला आले की पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला न्या. शेजारी बसलेला पार्किन्सन्सवालाच 'मी रोज चालतो' म्हणाला तर ते जास्त मनावर घेतील.

सांगलीकर_पुण्यात

सगळ्यांचे आभार. आप्पांनी स्वतःच घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला ९२ पावलं. केरवा त्यावर लावलाय, आई म्हणते अंगणात तरी पाय उचलून टाकतात. लक्ष्याचं अ‍ॅप काढून टाकलं. आता प्रश्न असा की फोन खिशात गेला, स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळाने तबला थांबतो. आणि रिमाइंडरचा 'टिंग' आप्पा चक्क कानाआड करतात.

पाऊलवाट

तबला थांबतो तो बहुधा बॅटरी वाचवायच्या सेटिंगमुळे. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर बॅटरी बघा, तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. फोनच्या कंपनीप्रमाणे नाव जरा वेगळं असेल. रिमाइंडरसाठी वेगळं अ‍ॅप नको. अलार्मला आपलं रेकॉर्डिंग लावता येतं, घरात नातवंड असेल तर त्याच्या आवाजात 'आजोबा, मोठं पाऊल' एवढंच भरा. आणि आप्पा एकटे निघाले तर व्हॉट्सअ‍ॅपवरून आईंना एक तासाचं लाइव्ह लोकेशन पाठवायचं, निघण्याआधी, घरातच बसून.

सांगलीकर_पुण्यात

नात आहे, चार वर्षांची. आज रात्रीच रेकॉर्ड करतो. बॅटरीचं सेटिंग आईला फोनवर समजावणं हे मात्र अवघड प्रकरण आहे, शनिवारी सांगलीला गेलो की स्वतःच करेन आणि इथे कळवेन.