शब्दचर्चा: चीटिंग, हॅकर आणि यशाला लागणारा बट्टा

रँकपुशर: कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी ऑनलाइन गेममधल्या चीटिंगवर लेख लिहितोय. एका वाक्यावर गाडी अडलीय: 'चीटर्समुळे प्रामाणिक खेळाडूंच्या यशाचं अवमूल्यन होतं.' अवमूल्यन म्हटलं की रुपया आणि रिझर्व्ह बँकच डोळ्यांसमोर येते. दुसरा शब्द सुचवाल का? शिवाय 'चीटिंग'च्या जागी 'फसवणूक' चालेल का? संपादक मॅडमना इंग्रजी शब्द कमी हवेत.

जुना भिडू: फसवणूक नको. त्याला पोलीस ठाण्याचा वास येतो. खेळासाठी आपल्याकडे रोकडा शब्द आहे, रडी. 'रडीचा डाव खडी' लहानपणी ओरडला नाहीत का कधी?

कडेकपारी: आमच्या गल्लीत 'अंचई' म्हणत.

मात्रावेलांटी: भिडूकाका, रडी इथे बसत नाही. लगोरीत चेंडू पाठीत बसलेला असतो, तरी 'लागलाच नाही' म्हणून जो हटून बसतो तो रड्या. त्याची लबाडी सगळ्यांना दिसते, त्यावर भांडण होतं आणि डाव पुन्हा मांडला जातो. एमबॉट (निशाणा आपोआप साधून देणारं सॉफ्टवेअर) किंवा वॉलहॅक (भिंतीआडचं दाखवणारं) लावणारा भांडतच नाही, गुपचूप जिंकतो. भिंतीपलीकडचा माणूस त्याला दिसतो, हे समोरच्याला कळायला मार्ग नसतो. याला शब्द कपट. शकुनीच्या डावाला कोणी रडीचा डाव म्हटलं नाही, कपटद्यूतच म्हटलं. त्यामुळे लेखात दोन्ही शब्द ठेवा. हरायला आलं की नेट बंद करून पळणारा रड्या. सॉफ्टवेअर लावणारा कपटी.

एलबीडब्ल्यू: कपटावरून आठवलं. ऑक्टोबर २०१८, शांघाय, 'काउंटर-स्ट्राइक' या गोळीबाराच्या गेमची स्पर्धा. ऑप्टिक इंडिया या आपल्याकडच्या संघातल्या एका खेळाडूच्या कॉम्प्युटरपाशी मॅच चालू असताना पंच येऊन उभे राहिले. मशिनवर निशाणा साधून देणारा प्रोग्रॅम निघाला. फाइलचं नाव काय, तर 'वर्ड डॉट ईएक्सई'! म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, गडी पत्र टाइप करतोय. पंच तपासत असताना हा त्यांच्याशी झटापट करत फाइल उडवायला बघतोय, असा व्हिडिओ तेव्हा सगळीकडे फिरला. संघ बाद झाला, लगेच मोडलाही. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. पण बाकीच्या चौघांचं काय? त्यांनी स्वतःच्या बोटांनी मारलेल्या फ्रॅग्जचं, म्हणजे टिपलेल्या गड्यांचं काय झालं, त्याला शब्द शोधा. अवमूल्यन फार सभ्य आहे. 'मातेरं' म्हणा.

मात्रावेलांटी: मातेरं त्या चौघांपुरतं बरोबर. रँकपुशरला मात्र अशा खेळाडूंबद्दल लिहायचंय, ज्यांचा त्या चीटरशी काही संबंधच नाही.

सराफकट्टा: मग 'बट्टा' घ्या. 'नावाला बट्टा लागला' एवढाच वापर आता उरलाय, पण शब्द पैशाच्या व्यवहारातला आहे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये चालायचे. दुसरीकडचं किंवा झिजलेलं नाणं घेताना सराफ जे कापून घ्यायचा, तो बट्टा. बाजारात खोटी नाणी शिरली की खऱ्या नाण्यातली चांदी काही घटत नाही, पण तेही वाजवून, पारखून घ्यावं लागतं. गेममध्ये नेमकं हेच होतं. तुमचा नेम आहे तेवढाच राहतो, फक्त तो आता कोणी न पारखता मान्य करत नाही.

याचा पुरावा 'हॅकर' या शब्दातच आहे. आमचे चिरंजीव बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळतात. शेवटच्या वर्तुळात दोघांना लागोपाठ हेडशॉट मारला, की समोरून माइकवर पहिला शब्द येतो 'हॅकर'. पूर्वी तिथे 'भारी मारलंस' आलं असतं. निम्म्या वेळा तर तो 'हॅकर' कौतुकाचाच असतो आणि पोराला कळत नाही, खूश व्हावं की चिडावं. वाहवाचा शब्द आणि आरोपाचा शब्द एकच होऊन बसलाय. माझ्या मते चीटरने केलेलं खरं नुकसान हे.

जुना भिडू: तरी सगळ्यांनाच बट्टा लागतो असं नाही हो. जून २०२१ मध्ये कोविड निधीसाठी विश्वनाथन आनंद ऑनलाइन सामने खेळले. एका उद्योजकाने त्यांना हरवलं आणि नंतर कॉम्प्युटरची मदत घेतल्याचं कबूल केलं. आनंद यांचं मोल तसूभर तरी उतरलं का? अब्रू गेली ती त्या उद्योजकाची.

सराफकट्टा: कारण आनंद यांची पारख कधीच होऊन गेलीय. बट्टा नवख्यालाच बसतो.

रँकपुशर: माझी तक्रार त्याहून साधी आहे. बीजीएमआयमधला 'कॉन्करर' हा किताब सर्व्हरवरच्या पहिल्या पाचशे जणांनाच मिळतो. त्यात एक हॅकवाला घुसला की ५०१वा बाहेर. तो बिचारा रात्र-रात्र जागून पुश करतोय, म्हणजे रँक चढवतोय. पुढे हॅकवाल्याची आयडी बॅन झाली तरी त्या रात्री हातचा गेलेला सामना याला कोण परत देणार?

मात्रावेलांटी: ते अवमूल्यनही नाही आणि बट्टाही नाही. तो सरळ 'हक्क मारणे'. लेखात ही दोन प्रकरणं वेगळी करा: ५०१व्याचा हक्क मारला गेला, आत राहिलेल्यांच्या किताबाला बट्टा लागला. एका शब्दात दोन्ही कोंबायला गेलात तर वाक्य पुन्हा अडेल.

कडेकपारी: आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून आपली आयडी वर चढवून घेतात, त्याला काय म्हणायचं? तिथे सॉफ्टवेअर नाही. खेळणाऱ्याचा हात खरा, नेम खरा, बिल्ला मात्र भलत्याच्या नावावर.

एलबीडब्ल्यू: बूस्टिंग. त्याला आम्ही काही म्हणत नाही, फक्त मॅच हरतो. तो बिल्लेवाला आपल्या स्क्वॉडमध्ये येतो आणि पहिल्या मिनिटाला आडवा.

सराफकट्टा: तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा निघाला होता तसा. ओळख दुसऱ्याची, मिरवणारा हा.