मुगाबे आधी चांगलाच होता?

"झिम्बाब्वेचा मुगाबे आधी चांगला होता, २००० नंतर गोऱ्यांच्या जमिनी घेताना बिघडला" असं काही जण म्हणतात, पण तिथल्या पश्चिमेकडच्या माताबेलेलँड भागातल्या एन्देबेले लोकांना विचारा की. १९८३ मध्येच उत्तर कोरियाने ट्रेन केलेली लष्कराची फिफ्थ ब्रिगेड त्याने तिथे घुसवली होती, मोहिमेचं नाव काय तर गुकुराहुंडी, शोना भाषेत म्हणजे फोलपटं धुऊन नेणारा पहिला पाऊस, आणि फोलपटं कोण तर मुगाबेंचे प्रतिस्पर्धी नेते एन्कोमो यांच्या झापू पक्षाची माणसं आणि त्यांची अख्खी गावं. १९८४ ला तर भर दुष्काळात दुकानं बंद करून धान्य अडवलं. मेलेल्यांचा आकडा साधारण २०,००० सांगतात. आणि तेव्हा जगभर मुगाबेंचे सत्कार चालू होते!

दडपशाहीची ही यंत्रणा कुठून आली तेही बघा. आधीच्या गोऱ्यांच्या राजवटीचा पंतप्रधान इयन स्मिथ, त्याची १९६५ ची आणीबाणी स्वातंत्र्यानंतरही उठवली नाही, ती थेट १९९० पर्यंत चालली. स्मिथचा गुप्तहेर प्रमुख केन फ्लॉवर, त्यालाच मुगाबेंनी पदावर ठेवला. सरकार बदललं, पण दारावर रात्री थाप मारणारं खातं तेच.

१९८७ ला करार होऊन झापू सत्ताधारी पक्षात विलीन, पुढच्या वर्षी सगळ्यांना माफी, सैनिकांनासुद्धा. बाप मेल्याचा दाखला नाही म्हणून पोरांच्या जन्मदाखल्याची बोंब, ती कित्येकांची अजून आहे. २०१७ ला लष्कराने मुगाबेंना घालवून आणला कोणाला, तर मनंगाग्वांना, जे गुकुराहुंडीच्या काळात राज्य सुरक्षा मंत्री होते (ते सहभाग नाकारतात म्हणा). २०२४ मध्ये त्यांनीच गुकुराहुंडीबद्दल गावोगावच्या पारंपरिक प्रमुखांमार्फत सुनावण्या घेण्याचा कार्यक्रम जाहीर केला. आता त्यांच्याच सरकारच्या सुनावणीत कोण तोंड उघडणार?